निकालात नसलेलं वाक्य

वकीलबाईंचा फोन आला, "केस जिंकलो आपण," आणि मी आनंदाच्या भरात लगेच मनोहरदादांचा नंबर लावला. नागपूरजवळ वाडीला मी कामाला आहे त्या गोदामात ट्रकांच्या गोंगाटात उभा राहून, एका कानात बोट घालून ओरडलो, "दादा, जिंकलो!" पलीकडून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी... ते नाहीत ना आता." दादांना जाऊन तीन आठवडे होत आले होते. तेरवीच्या पंगतीत बुंदी मीच वाढली होती. तरी ही बातमी सांगायची तर ती त्यांनाच, एवढंच डोक्यात होतं.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे थोरले भाऊ. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग. आवाज असा की बागेच्या या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरचा माणूस दचकायचा. काही वर्षांपूर्वी हाच आवाज संध्याकाळी नाकातून यायला लागला. पापण्या जड, जीभ जड, पाय लटपटायचे. सकाळी मात्र गडी ठणठणीत. जन्मात सुपारीही न खाल्लेल्या माणसाला गावानं बेवडा ठरवून टाकलं. नागपुरातल्या एका बड्या डॉक्टरांनी त्यांना सकाळी तपासलं. संध्याकाळी काय होतं हे दादा सांगत होते, ते त्यांनी पुरतं ऐकलंही नाही. मनाचा आजार म्हणाले आणि गुंगीच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी दादा आणखीच खचले, म्हणजे गावाची खात्रीच पटली. दोन बहार असेच गेले. शेवटी एका संध्याकाळी भाकरीचा घास घशात अडकला, श्वास थांबायला आला, तेव्हा दुसऱ्या दवाखान्यात आजाराचं नाव कळलं... मायस्थेनिया. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. माणूस वापरला की संपतो, निजला की पुन्हा थोडा भरतो. मला ते मोबाइलच्या बॅटरीसारखं समजलं, आणि मी ते भेटेल त्याला अशा थाटात सांगू लागलो की जणू शोध मीच लावला.

केस ग्राहक आयोगात टाकायची हे दादांनीच ठरवलं. "मले पैसे नाही पाहिजे, जवाई," ते म्हणाले, मग जरा थांबून, "म्हणजे पाहिजेच, लबाड काहून बोलू. पण त्या कागदावर असं लिहिलेलं पाहिजे का हा माणूस पेत नव्हता. मग तो कागद मी स्टँडवरच्या पानठेल्यावर लावतो."

त्यांना आयोगासमोर स्वतः बोलायचं होतं. आता आमची हुशारी ऐका. आदल्या दिवशी आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. सुनंदानं दिवसभर पलंगावरून उठू दिलं नाही, तारखेच्या सकाळी भरपूर तूप घालून शिरा खाऊ घातला. मी त्यांची दाढी करवली, इस्त्रीचा सदरा चढवला, गाडीत एसी लावला. दादा आयोगासमोर उभे राहिले ते नवरदेवासारखे, आणि बोलले ते घंटेसारखं! समोरच्या वकिलांना काही विचारायची गरजच पडली नाही, ते नुसते हसले. आमच्या वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, पेशंट आणायचा होता ना!" परतीच्या वाटेवर सिग्नलला दादांच्या पापण्या मिटायला लागल्या. तशातच नाकातून म्हणाले, "जवाई... सांजची तारीख नाही भेटत का गा?" आम्ही दोघं इतके हसलो की त्यांना ठसका लागला, आणि मग मी घाबरलो.

पुढे पुराव्यांच्या कागदांनी काम केलं असावं. पण दादांचे श्वासाचे स्नायू कमजोर झाले ते झालेच. या उन्हाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं, आणि निकाल मागून आला. मी तो वाचला, पुन्हा वाचला. सेवेत त्रुटी, निदानात निष्काळजीपणा, वारसांना नुकसानभरपाई... सगळं होतं. दादांचं वाक्य मात्र कुठेच नव्हतं. इतक्या पानांत दारू हा शब्दसुद्धा नाही. वकीलबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते पीत होते असं तिथे कोणी म्हणालंच नव्हतं. मग पीत नव्हते असं आयोग कशाला लिहील?"

जिंकल्याचा आनंद करावा, की हरलो म्हणावं? तरी मी गावी गेलो, पानठेल्यावर उभा राहिलो आणि निकाल तोंडानंच सांगितला. दादांचे जुने मित्र रामरावजी बाकावर बसले होते. त्यांना मी बॅटरीचं उदाहरण दिलं.

"म्हणजे मनोहर पेत नव्हता?"

"कधीच नाही."

"मंग बिमारी होती त लेकाचा सांगत काहून नव्हता?"

"सांगत होते, रामरावजी. सगळ्यांना सांगत होते."

दुसरा कोणी म्हणाला, "अन् पैसे भेटले किती?" मग सगळी चर्चा तिकडेच वळली... मी ज्यासाठी आलो ते काम झालं की नाही, हे मला एसटीत बसल्यावरही ठरवता येईना.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. रामरावांवर तोंडसुख घेतलं, गावाला नावं ठेवली, माणसं अशी कशी म्हणालो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बिमारी कळायच्या आधी, राखीच्या दिवशी ओवाळताना मी दादाच्या तोंडाचा वास घेतला होता. काहीच वास नव्हता. तरी जाताना वयनीले मीच म्हटलं, दादा बाटली कुठं लपवते ते पाहा."