माझ्या हाताला गाठ कळायची

दवाखान्यातून माणूस बरा होऊन जातो, नाहीतर वरच्या वाटेनं जातो. त्याचा किस्सा मात्र आमच्यापाशी राहतो. एकतीस वर्षांत माझ्याकडे इतके साठलेत की सांगायला बसलो तर चार वेळा चहा गार होईल. हसण्यासारखे आहेत. हसलात तरी चालेल.

कोल्हापुरात गाठींची ऑपरेशनं करणाऱ्या एका दवाखान्यात मी थिएटरचा मामा. शिक्षण चौथी. कामं दोन. डॉक्टरांनी काढलेली गाठ ट्रेमध्ये घालून बाहेर नातेवाइकांना दाखवायची, आणि मग बरणीत घालून खाली तपासणीला पोचवायची. दाखवायची पद्धत जुनी आहे. दाखवली नाही तर लोक म्हणतात, आत काही काढलंच नाही.

हे किस्से एका वर्षातले आहेत. त्याच वर्षी माझ्या बायकोच्या, हौसाच्या मांडीत गाठ आली. तिनं ती डॉक्टरांच्या आधी मला दाखवली. हे अगोदरच सांगून ठेवतो.

*

कागलचा एक माणूस. भावाच्या पोटातली गाठ निघाली होती. पाच तास बाकावर बसून कंटाळला होता. मी ट्रे पुढं केला. त्यानं वाकून बघितलं. पेरूएवढी गाठ.

"एवढीच व्हय?" म्हणाला. "आन् ह्याला पाच तास?"

डॉक्टर मागंच उभे होते. टोपी काढत म्हणाले, "ती काढायला अर्धा तास लागला. बाकीचा वेळ तुमच्या भावाला जिवंत ठेवत होतो."

त्या माणसानं ट्रेला हात जोडले. डॉक्टरांना जोडायचे राहिले.

*

खाली तपासणीच्या खोलीत मॅडम बसतात. गाठ कापून, काचेवर घेऊन, दुर्बिणीतून बघून ती साधी की कॅन्सरची हे त्या कागदावर लिहितात. मी बरणी ठेवली की विचारायच्या, "मामा, काय म्हणतोय तुमचा हात?"

हातमोजा घालून गाठ उचलली की मला कळायचं. मऊ, लिबलिबीत असली की चरबीची. दगडासारखी, करकरीत असली की वाईट. मी सांगायचो. चार दिवसांनी रिपोर्ट तोच यायचा. मग मॅडम चहा पाजायच्या. चौथी शिकलेल्या माणसाला एवढ्या शिकलेल्या बाईनं चहा पाजायचा, हे मला गोड लागायचं.

एकदा डॉक्टरांनी ऐकलं. म्हणाले, "मामा, रिपोर्टवर सही मॅडमची असते."

मी म्हणालो, "चूक निघाली तर सांगा साहेब."

निघाली नव्हती.

त्याच आठवड्यात हौसा म्हणाली, "अवं, मांडीत काय आलंय बघा की जरा." मी दाबून बघितलं. लिंबाएवढी. मऊ. तिनं पाय ताठ केला तेव्हा गाठ आत रुतून बसली, सरकेना. ते माझ्या बोटांना जाणवलं होतं.

"दुखती का?"

"न्हाय."

"चरबीची हाय. जा, चुलीवर दूध उतू जाईल."

*

कबनूरची एक मुलगी. लग्न ठरलेलं. अंडाशयात गाठ झाली होती. काढून चिरली तर आत केसांचा पुंजका आणि एक दात. अशा गाठी असतात. जन्मापासूनच अंगात असतात, कुमारिकेलाही होतात. मी पाच-सहा बघितल्यात.

बाहेर बाकावर मुलाकडची आत्या येऊन बसली होती. तिनंही ट्रेमध्ये डोकावलं.

"केस हाईत, दात हाय," म्हणाली. "म्हंजी पोरीला दिवस गेलतं म्हणा की."

डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं. कागदावर चित्र काढून दाखवलं. आत्या व्हय व्हय करत राहिली. तिसऱ्या दिवशी लग्न मोडल्याचा निरोप आला.

चौथ्या दिवशी मुलगी भिंतीला धरून चालत होती. मला थांबवून विचारलं, "मामा, त्यात दात हुता न्हवं?"

"होता."

"मग त्यो आत्याला चावला का न्हाय?"

घरी हे हौसाला सांगितलं. ती खूप हसली. हसता हसता मांडीवर हात ठेवून म्हणाली, "ही थोडी वाढल्यागत वाटतीया."

मी म्हणालो, "चरबी वाढतच असती. तुझ्याकडं बघ की."

*

एका गावच्या दूध संस्थेचे सचिव. आतड्याचा कॅन्सर. घरच्यांनी त्यांना अल्सर सांगितलं होतं. आम्हा सगळ्यांना दम दिला होता, तोंड उघडायचं नाही.

मी ट्रे घेऊन बाहेर आलो तर पुतण्यानं मोबाईल काढला, गाठीचा फोटो घेतला आणि स्टेटसला टाकला. 'काकांच्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन यशस्वी. देवाची कृपा.' सगळ्या गावानं हात जोडलेली चित्रं पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांनी स्वतःचा फोन मागून घेतला. पहिलंच स्टेटस पुतण्याचं.

मला जवळ बोलावलं. म्हणाले, "मला कळलंय, हे घरात कुणाला सांगू नका मामा. बिचारी एवढी धडपडाय लागल्यात लपवायला. त्यास्नी वाईट वाटंल."

घरी जाईपर्यंत ते सगळ्यांसमोर अल्सरचंच पथ्य विचारत होते.

*

गगनबावड्याकडचा बावीस वर्षांचा गडी. गुडघ्याच्या हाडात गाठ. पाय मांडीपासून काढावा लागला. पाय ट्रेमध्ये मावत नाही. तपासणीपुरता तुकडा खाली ठेवून, बाकीचा कापडात गुंडाळून मी बापाच्या हातात दिला. बापानं तो गावी नेऊन शेताच्या कडेला पुरला.

काही महिन्यांनी गडी तपासणीला आला, कुबड्या घेऊन. मी विचारलं, "वडील बरे आहेत का?"

"बरं हाईत. रोज सांजचं पायाला दिवा लावत्यात."

"आणि तू?"

"मी तिथंच बांधावर उभा असतोय. माझ्यासंगं बोलत न्हाईत."

त्या दिवशी घरी गेलो. हौसा मोरीतून उठत होती. भिंतीला हात टेकून उठली. मी म्हणालो, "पाय दाखव." तिनं लुगडं वर केलं. लिंबाचं कवठ झालं होतं. हात लावायला माझं बोट पुढं गेलं नाही.

*

डॉक्टरांनी तिला तपासलं. फोटो काढले. सुई घालून तुकडा घेतला. ती बरणी मीच खाली नेली. मॅडमनी नाव वाचलं. हात काय म्हणतो, ते विचारलं नाही.

कॅन्सर निघाला. चरबीतच होणारा, क्वचित येणारा. मऊ असतो, दुखत नाही, खोल मांसात वाढत राहतो. डॉक्टरांनी हौसाला विचारलं, "इतके महिने का थांबलात? चरबीची आहे म्हणून कोणी सांगितलं?"

मी तिथंच उभा होतो.

हौसा म्हणाली, "शेजारच्या बाईनं."

*

ऑपरेशनच्या दिवशी मी बाकावर बसलो. एकतीस वर्षांत त्या बाकावर पहिल्यांदा बसलो. पाय राहील की जाईल हे आत उघडल्यावर ठरणार होतं. डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "पाय राहिला. मुळासकट निघाली का, ते मॅडम बघून सांगतील. मुळं राहिली असली तर पुन्हा येईल."

मागून शांतामावशी ट्रे घेऊन आली. आमच्याच थिएटरची, बरोबरीची. म्हणाली, "मामा, नगं बघू."

मी लोकांना नेहमी सांगायचो, डोळे मिटू नका, नीट बघून घ्या. मी बघितली. पिवळी, तुळतुळीत. चरबीसारखीच होती.

मावशीनं विचारलं, "हातमोजा देऊ?"

मी नको म्हणालो. बरणी तीच खाली घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा नीट शुद्धीवर आली. पाणी मागितलं. पांघरुणाखाली हात घालून पाय आहे का ते चाचपलं. मग माझ्याकडं बघितलं.

"दाखवली न्हवं तुम्हास्नी?"

"व्हय."

"समदी निघाली का?"

मी म्हणालो, "मला त्यातलं कळत न्हाय. मॅडम सांगतील."

तिनं पांघरूण पायावर नीट ओढून घेतलं.

म्हणाली, "हे तवाच म्हणायचं हुतं की."