आईनं वाटलेले पेढे
बारामतीत मिठाईच्या दुकानावरून जाताना खव्याचा वास आला, की मला लासुर्ण्यातल्या एका बागायतदाराचा ओटा आठवतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आई त्याच्या उसात खुरपायला जायची, आणि आम्ही बौद्ध म्हणून तिथं पाणी मिळायचं ते वरून ओतलेलं, ओंजळीत. मी दहावीला बसणार म्हटल्यावर तो चारचौघांत तिला म्हणाला होता, "पोरीला शिकवून काय करतीस? खुरपं दे हातात." निकाल लागला. मी शाळेत पहिली आले आणि त्याचा मुलगा नापास झाला. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, पेढे घेतले आणि मला घेऊन थेट त्याच्या ओट्यापुढं उभी राहिली. आमचे गुरुजीही तिथं चहा पीत बसले होते. "ठेव तितं कट्ट्यावर," तो मान वर न करता म्हणाला. "ठेवायला न्हाय आणलं, तात्या. पोरगी पहिली आलीया, माझ्या हातनं खावा." गुरुजींदेखत त्याला नाही म्हणवेना. त्यानं घाईघाईनं अख्खा पेढा तोंडात कोंबला आणि त्याला जोराचा ठसका लागला. आई शांतपणे म्हणाली, "पोरगी पाणी देईल की. वरनं." त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. आज मी कॉलेजात शिकवते, मुलांना क्षमेचं मोल समजावते. पण खरं सांगते, पहिल्या नंबराचा आनंद मला शाळेत झालाच नव्हता. तो त्या ओट्यापुढं, त्याला ठसकताना बघून झाला.