ओतून-द्या डॉक्टर

आमच्या गुरांच्या डॉक्टरांनी आयुष्यभर म्हशी बऱ्या केल्या, पण दहिसरच्या तबेल्यांत त्यांचं नाव झालं ते दूध फुकट घालवणारा माणूस म्हणून. सुई टोचून झाली की पिशवीची चेन लावता लावता ते हमखास म्हणायचे, "तीन दिवस ओतून द्या." म्हशीचा ताप उतरला तर आनंद मालकाला, आणि दूध गटारात गेलं तर शिव्या डॉक्टरांना, असा सगळा हिशोब. त्यांचं खरं नाव त्यांच्या घराच्या दारावर होतं. दहिसर नदीच्या अलीकडे-पलीकडे सगळे त्यांना ओतून-द्याच म्हणायचे, आणि तोंडावरही म्हणायचे.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आमचे हे मरोळच्या एका कारखान्यात कामाला, त्यामुळे गोठा माझा आणि सासूबाईंचा. नऊ म्हशी, एक दूध काढणारा भय्या आणि आसपासच्या चाळींमध्ये रतीब. डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पूर्ण बादली माझ्यासमोर मोरीत उपडी केली होती. सासूबाई कपाळाला हात लावून मला म्हणाल्या, "ह्यो डॉक्टर म्हशीचो काय गटाराचो?" डॉक्टर मूळचे मराठवाड्यातले, पण तेवढी मालवणी त्यांना समजली. ते म्हणाले, "दोघांचाही, आजी. एकीकडून औषध जातं, दुसरीकडे निघतं."

औषध हा त्यांचा आवडीचा विषय. म्हशीच्या मानेत घातलेलं पेनिसिलिन मानेतच बसून राहत नाही, हे ते मला इतक्या वेळा सांगायचे की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. रक्तात जातं, रक्ताबरोबर कासेत उतरतं, दुधात येतं, थोडं यकृतात जिरतं, बाकीचं मुतावाटे बाहेर पडतं. धडधाकट जनावर लवकर धुऊन काढतं, आजारी जनावर रेंगाळत राहतं. "आत जायला सुई पुरते, वहिनी. बाहेर यायला दिवस लागतात." मी हो हो म्हणायचे. माझं सगळं लक्ष बादलीकडे.

ओतायच्या वेळा विसरू नयेत म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. तंबाखू कधी खाल्ली नाही, पण खिशात चुन्याची डबी कायम. तीन दिवस म्हणजे सहा धारा. म्हणून आजारी म्हशीच्या शिंगावर चुन्याच्या सहा रेघा ओढायचे. एक वेळचं दूध ओतलं की एक रेघ खरवडायची. सगळ्या रेघा गेल्या की त्या म्हशीचं वाटीभर दूध वेगळं विरजायचं. औषध उरलं असेल तर विरजण मरतं, दही लागत नाही. वाटी उपडी केली आणि दही जागचं हललं नाही, तरच त्या म्हशीचं दूध बाकीच्या दुधात घालायचं. वाचता न येणाऱ्या भय्यालाही हे कळायचं. आम्हा वाचता येणाऱ्यांची मात्र पंचाईत व्हायची, कारण कळलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

चहाच्या बाबतीत तर त्यांनी सगळ्यांनाच दुखावलं होतं. दुधाने भरलेल्या तबेल्यात बसून हा माणूस कोरा चहा मागायचा. मी एकदा तोंडावरच विचारलं, की आमच्यावर विश्वास नाही का? तर म्हणाले, "तुमच्यावर आहे. तुमच्या म्हशींच्या मूत्रपिंडांवर नाही." आता यावर माणसाने रागवायचं की हसायचं? मी रागावले. हसू यायला दोन दिवस लागले.

शेजारच्या तबेल्याच्या शेठना तर ते डोळ्यांसमोर नको असायचे. शेठची एक म्हैस औषधाला दाद देईना, म्हणून त्यांनी तिला देवनारच्या कत्तलखान्यात पाठवायचं ठरवलं. डॉक्टर कागदावर सही करायला तयार नाहीत. कालपर्यंत सुया दिल्यात, मांसात औषध आहे, पंधरा-वीस दिवस थांबा म्हणाले. शेठ वैतागून म्हणाले, मरायलाच चाललीये ती, तिला कसली आली पथ्यं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ती मरायला चाललीये हो. खाणारे नाहीत." शेठनी त्याच आठवड्यात त्यांना बंद करून बोरिवलीच्या एका कंपाउंडरला धरलं. तो सुई टोचायचा, दुधाचा चहा प्यायचा, आणि काही होत नाही म्हणायचा. लोकांना अजून काय हवं?

हळूहळू बाकीचेही कंपाउंडरकडे वळले. डॉक्टरांकडे तीन-चार गोठे उरले, त्यात आमचा मोठा. त्यांची चूल आमच्यासारख्यांवरच चालते हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी जे केलं ते आता सांगते.

उन्हाळ्याचे दिवस होते. दोन म्हशी आटलेल्या, आणि आमच्या शेवंतीला दगडी झालेली, म्हणजे कास सुजून दगडासारखी. डॉक्टरांनी सुया दिल्या, सडात औषध सोडलं, शिंगावर सहा रेघा ओढल्या. नेमकी तेव्हाच नाक्याजवळच्या एका घरी साखरपुडा, आणि श्रीखंडासाठी दह्याची मोठी ऑर्डर माझ्याकडे. मी छाती ठोकून हो म्हटलेलं. त्या दिवशी पहाटे हिशोब करते तर दूध कमी पडतंय. शेवंतीच्या शिंगावर दोन रेघा शिल्लक. कास उतरली होती, दूध दिसायला पांढरंशुभ्र. माझं डोकं फिरलं म्हणा, हाव म्हणा. भय्या यायच्या आत मी दोन्ही रेघा नखाने खरवडल्या. वाटीचं विरजणही लावलं नाही, तेवढा वेळ कुणाला होता? शेवंतीचं दूध बाकीच्या दुधात गेलं. अर्धं दह्याच्या पातेल्यात, अर्धं रतिबाला.

दुपारी पातेल्यावरचं फडकं काढलं. दही नव्हतंच. तसंच्या तसं दूध, वर थोडं पिवळट पाणी. साखरपुड्याचे लोक न्यायला आले, बोलायचं ते बोलले. आणि मी काय केलं? मी म्हटलं, डॉक्टरांच्या रेघा चुकल्या, त्यांना विचारा. त्यांना बोलावून घेतलं. ते आले, पातेल्यात डोकावले, शेवंतीचं शिंग बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. एवढंच विचारलं, सकाळचं बाकीचं दूध कुठे गेलं? मी म्हटलं, ओतलं. सगळ्यांसमोर, ताठ मानेने. ते बरं म्हणाले, सायकल घेतली आणि निघाले.

तासाभरात भय्या सांगत आला, डॉक्टर आपल्या रतिबाच्या घरोघरी फिरतायत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस माझी गिऱ्हाइकं फोडतोय, माझी बदनामी करतोय. नाक्यावर गाठलंच त्यांना, आणि चार लोकांत वाट्टेल ते बोलले. पुन्हा माझ्या गोठ्यात पाय ठेवायचा नाही, असंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. पण शेवंतीचं अजून एक वेळ ओतून द्या."

डॉक्टरला मोजता येत नाही, ही बातमी आठवड्याभरात दहिसरभर पसरली. उरलेले गोठेही सुटले. मला वाटलं, माझ्या तोंडाचा प्रताप. खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

दोन महिन्यांनी रतिबाच्या कदमबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, मला विचारायला लागल्या की ते डॉक्टर हल्ली दिसत नाहीत. मी नाक मुरडलं. तर बाई म्हणाल्या, अगं, असं नको करूस. त्या दुपारी ते दारात आले, घामाने निथळत. म्हणाले, मोजण्यात माझी चूक झाली, वहिनींचा काही दोष नाही, सकाळचं दूध उरलं असेल तर ओतून द्या. मग विचारलं, घरात कुणाला सुईने अंगावर गांधी उठतात का? बाईंची सून वर्षापूर्वी दवाखान्यात त्याच पेनिसिलिनने मरता मरता वाचली होती. तिच्यासाठी त्याच दुधाची खीर करून ठेवलेली. "गरम भांडं तसंच मोरीत रिकामं केलं गं," बाई म्हणाल्या. मी तिथेच पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीवर गेले. ट्रंका भरणं चाललं होतं. लातूरकडे कुणाच्या तरी कोंबड्यांच्या शेडवर नोकरी धरली होती, शनिवारी निघणार होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "माहीत होतं. तुमच्या नखात चुना होता."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"बोललो असतो तर तुमचा-माझा वाद बघायला सगळी चाळ जमली असती, हातात चहाचे कप घेऊन. माझी चूक म्हटलं की लोक लगेच ओततात."

मी त्यांना एवढंच म्हटलं, थांबा, जाऊ नका, मी सगळ्यांना खरं सांगते. आणि सांगितलंही. लाज गुंडाळून एकेका तबेल्यात गेले. रेघा मी खरवडल्या, डॉक्टरांची मोजणी कधीच चुकली नव्हती, माझंच चुकलं, त्यांना परत बोलवा, असं हात जोडून म्हटलं. लोकांनी ऐकून घेतलं, मला लस्सीसुद्धा पाजली. शेवटी शेजारचे शेठ हसत म्हणाले, "भाभी, चुकणारा असता तर एखादे वेळी ठेवला असता. हा तर चुकतच नाही म्हणतेस. मग त्याला परत आणून रोज दूध ओतत बसू काय?"

शनिवारी डॉक्टर गेले. मी निरोप द्यायला गेले नाही, कारण त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. सोमवारी शेवंतीची कास पुन्हा सुजली आणि मला कंपाउंडरला बोलवावं लागलं. त्याने सुई टोचली आणि काही होत नाही म्हणाला. मी एकटीच तीन दिवस दूध ओतत राहिले, आणि प्रत्येक वेळी रडले.