हात कानाला लागेपर्यंत

आणि तरीही कुमुदताईंचं म्हणणं तेच, की सरळ वर केलेला माझा हात अजून कानाला लागत नाही. लागतो. बंदरावरच्या सगळ्या पोरांनी बघितलंय. पण मी मोबाइलवर हात वर करून दाखवला की ताई चष्मा पुसतात आणि म्हणतात, "थोडा कमी आहे, जितू." ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात भांडण कशाला, असं मंडळींना वाटेल. पण आमची ओळखच भांडणातून झाली, तर मी सातवी शिकलेला माणूस दुसरं काय लिहू?

मी दापोऱ्यात केळीचे घड वाहायचो. उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा जो तो म्हणाला, आराम दे. मी गमछ्यात हात बांधून पूर्ण उन्हाळा बसलो. गमछा सोडला तर खांदा जाम, कंगवा डोक्यापर्यंत जाईना. त्यातच गुजरातेतल्या बंदरावर क्रेनच्या कामाची गोष्ट निघाली. शिडी चढून दाखवायची होती. म्हणून राजपुऱ्यात ताईंच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेलो आणि म्हणालो, एक झटका देऊन मोकळा करा, आठ दिवसांत निघायचंय.

ताईंनी हात सगळीकडून फिरवून पाहिला. म्हणाल्या, दुखणं लहान होतं, बांधून ठेवल्यामुळे सांधा आखडला. झटका दिला तर आत काहीतरी फाटेल. वाकून हात लोंबता सोडायचा, हळू झुलवायचा, भिंतीवर बोटांनी चढायचं. काही महिने लागतील.

"नोकरी गेली तर तुम्ही देणार का?" मी विचारलं.

"नाही देऊ शकत. पण शिडीवरून हात सुटला तर तेव्हाही मी काही करू शकणार नाही."

ती भरती गेली. रागात मी दवाखान्यात जाणं बंद केलं आणि डाव्या खांद्यावर घड वाहायला लागलो.

एक दिवस ताई मला शोधत स्कूटीवर थेट बागेत आल्या. रागावल्या नाहीत. आमच्या मुकादमाला, रघुनाथकाकांना म्हणाल्या, एक घड माझ्या खांद्यावर ठेवा. काका म्हणाले, "बाई, साडीला चीक लागेल, तो निघत नाही." ताई म्हणाल्या, लागू द्या. आणि ट्रकपर्यंत चालल्या. मान वाकडी, खांदा वर ओढलेला, अगदी आम्ही चालतो तशा. घड हलला की केळीला डाग पडतो आणि डागाचा माल व्यापारी घेत नाही, म्हणून आम्ही तसेच चालतो. घड उतरवून त्या ट्रकमध्ये बघत राहिल्या. खाली पानांची जाड गादी अंथरलेली होती.

"केळीखाली गादी आहे, काका. या पोरांच्या खांद्यावर काय आहे?"

काका वाकून गादीची पानं सारखी करायला लागले.

मी परत दवाखान्यात गेलो, तर ताई स्वतःच भिंतीशी उभ्या राहून बोटांनी चढत होत्या. त्यांचाही खांदा धरला होता. मला बघून जरा सरकल्या, जागा करून दिली. मग आम्ही शेजारी शेजारी चढायचो, आणि त्यांचा हात वर गेला की मला चिडवायच्या. जुन्या गोधड्यांच्या खांदगाद्या त्यांनी पहिल्यांदा घरी बसून शिवल्या. आता दापोऱ्यात खांदगादीशिवाय कोणी घड उचलत नाही, रघुनाथकाका उचलू देत नाहीत. ताईंकडे शिकणाऱ्या मुली सांगतात, आजही त्या पेशंटला आधी विचारतात, काम काय करता, करून दाखवा.

पुढच्या भरतीत मी शिडी चढलो. आज क्रेनच्या पार टोकाला जाऊन ग्रीस लावतो. पहिल्या दिवशी फी विचारली होती, तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, हात कानाला लागला की दे. आणि त्यांच्या हिशेबाने तो अजून लागतच नाही. भांडण एवढंच आहे.

ताईंना खूप आयुष्य मिळो, दोन्ही खांदे शेवटपर्यंत मोकळे राहोत, आणि मला "थोडा कमी आहे" म्हणायला त्या मोबाइलवर अशाच दिसत राहोत. फी त्या घेणार नाहीत. म्हणून नव्या पोरांच्या खांदगाद्यांसाठी रघुनाथकाकांच्या नावावर पाठवतोय, एक्कावन्नशे रुपये.