समईत तेल कोण घालणार

"अगं, समई मंदावली. तेल घाल आधी."

भाऊसाहेब पहिल्या रांगेतून बोलले. मंडळाचे अध्यक्ष. मी मंचावर, माईक हातात. गेल्या वर्षी देवासच्या आमच्या गणपतीत माझं व्याख्यान चालू होतं, ताऱ्यांच्या पोटातल्या ऊर्जेवर. एम.एस्सी.ला खपून मी कॉम्प्युटरवर सूर्याचं मॉडेल बसवलं होतं. गाभ्यापासून वरपर्यंत थर. वरून वजन दाबतं, आतून उष्णता ढकलते, दर थरात दोन्हींचा मेळ बसायला हवा. सांगत होते, हायड्रोजनचे कण एकमेकांना दूर लोटतात, हिशेबानं त्यांनी जुळायलाच नको, तरी ते...

वाक्य तिथंच सोडलं. खाली उतरले. तेल घातलं.

कुणी ओढलं नव्हतं. माझेच पाय गेले. त्याची शरम अजून जात नाही. आमचे पूर्वज मराठ्यांच्या दरबाराबरोबर इकडे आले ते मशाली धरायला. दरबार गेला, उत्सवातली दिवाबत्ती आमच्याच घराकडे राहिली. याला मान म्हणतात. मानकऱ्यांची पंगत मात्र सगळ्यात शेवटी.

परतले तर माईक भाऊसाहेबांच्या पुतण्याकडे. इंजिनिअर. माझीच पडद्यावरची चित्रं दाखवत इकडच्या हिंदीत म्हणाला, "भिया, सिंपल है, सूरज में गैस जलती है."

"तुझं मराठी फार हिंदी होतं गं," भाऊसाहेब मला म्हणाले, अगदी मायेनं. पुतण्याची हिंदी कुणाला खटकली नाही. लोक हसले. मीही हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सूर्यात काही जळत नाही, कण जुळतात, एवढंही तोंडातून निघेना. तेलकट हात ओढणीला पुसत राहिले. आई भिंतीशी उभी होती, खाली बघत.

यंदा ठरलेले वक्ते आलेच नाहीत. मी कुणाला न विचारता माईक घेतला. बोलता बोलता समई फडफडली. भाऊसाहेबांनी बोट दाखवलं. आई सवयीनं उठली.

"आई, बस," मी म्हटलं. "भाऊसाहेब, तेलाची बुधली तुमच्या खुर्चीशीच आहे."

कुणी हललं नाही. वात काजळली, विझली. गणपतीपुढे दिवा विझणं म्हणजे अपशकुन. तरी उतरले नाही. गेल्या वर्षीचं वाक्य पुरं केलं.

"तरी ते जुळतात. क्योंकि मधली भिंत ओलांडायचा जोर नसतानाही क्वचित एखादा कण पलीकडे निघतो. त्या क्वचितवरच सूर्य चालतो."

मंडळाला एवढंच सांगते: आमच्या घरातलं कुणी आता त्या बुधलीला हात लावणार नाही. समई हवी असेल तर तेल तुम्ही घाला. मी वाक्य अर्धं सोडणार नाही.