पाचाचे चार

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. माझं वय चौतीस. तेव्हापासून हे पोटात आहे. बायकोला सांगितलं नाही — ती गेली. पोरांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. तुला सांगतो, कारण तू मला ओळखत नाहीस.

मी चौथी शिकलेला माणूस. जामखेडच्या बाजूच्या एका गावाचा पोलीस पाटील. ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. ती खांद्याला अडकवून निघालो की ओट्यावरची माणसं उठून उभी राहायची. मला ते लई आवडायचं. आजही कोणी उठलं नाही तर डोकं फिरतं — खोटं कशाला बोलू?

दुष्काळाचं साल. सगळं गाव तलावाच्या कामावर माती उपसायला, वस्त्या दिवसभर ओस. माझा चुलतभाऊ सखाराम तेवढा तापानं घरी पडलेला, जवळ त्याची बायको चंद्रभागा, माझी वहिनी. मी भर दुपारी कामावरून परत येत होतो. त्यांच्या वस्तीवरून किंकाळी आली.

इथं मी दर वेळी थांबतो. मनातल्या मनात सांगतानाही थांबतो. ‘ऐकलं आणि धावलो’ असंच आजवर सांगत आलो. धावलो का? हो, धावलो — विहिरीच्या मातीच्या ढिगापर्यंत. तिथं पालथा पडलो. बंदूक ठासलेली होती. अंगण पन्नास पावलांवर. मी माणसं मोजली. पाच.

तिघांनी सखारामला दाबून धरलेलं. चौथ्यानं वहिनीच्या कानातल्या बुगड्या ओढल्या. काढल्या नाहीत, ओढल्या — कानाच्या पाळ्या फाटून त्या हातात आल्या. पाचव्याचा डावा गाल भाजून आकसलेला होता, आणि हातात पहार होती. त्यानं सखारामचे हात उंबऱ्यावर ठेवायला लावले आणि चांदी कुठं पुरलीय विचारत हाणायला लागला. आधी उजवा. मग डावा. सखारामनं पहिल्याच घावाला ‘चुलीमागं’ म्हणून सांगितलं होतं. तरी तो हाणतच होता.

मधेच त्यानं मान वर केली. मला बघितलं. बंदुकीची नळीही बघितली. मी चाप ओढला नाही. तो हसला, आणि परत पहार उचलली.

एका बारानं पाच मरत नाहीत, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं. पण एक मेला असता ना? नुसत्या आवाजानं पळाले असते? नसतेही. मी बघितलंच नाही काय झालं असतं ते. त्यांची धूळ खाली बसल्यावर उठलो आणि ‘धरा, धरा’ ओरडत अंगणात शिरलो.

संध्याकाळी फौजदार चावडीवर आला. वहिनीचा जबाब घ्यायला लागला. तिनं पाच म्हटल्यावर त्याची लेखणी थांबली. मला बाहेर नेलं.

‘पाटील, चार असले तर जबरी चोरी. पाच झाले की दरोडा.’

‘एका माणसानं काय फरक पडतो, सायेब?’

‘माणसानं नाही पडत. रकान्यानं पडतो.’

मग त्यानं मला समजावलं. महिनाअखेरीला ठाण्याचं पत्रक नगरला जातं — खून किती, दरोडे किती, जबरी चोऱ्या किती. तिथून मुंबई, मुंबईहून दिल्ली. दिल्लीत सगळ्या देशाचं पुस्तक छापतात. ‘दिल्लीला तुमचं गाव कुठं कळतंय? पण नगरला कळतं. दरोडा म्हटला की मोठे साहेब स्वतः जागेवर येणार. कोण कुठं उभं होतं, पाटील कुठं होता, त्याची बंदूक कुठं होती, सगळं विचारणार.’

त्याला काही माहीत नव्हतं. तो बिचारा आपला रकाना सांभाळत होता. घाम मला फुटला.

आत वहिनी कानांना फडकं बांधून बसलेली. ‘पाचच व्हते सायेब. त्यो गाल भाजलेला, त्यानंच ह्यांचे हात मोडले.’ मग माझ्याकडं वळली. ‘भाऊजी, तुमी पळताना बघितले न्हवं त्यांना? सांगा की.’

‘चार,’ मी म्हणालो. ‘वैनीला भोवळ आल्ती. गाल भाजलेला कुणी न्हवता.’

एक कमी करायचा तर तोच का? दुसरा कुठलाही चालला असता फौजदाराला. पण मला ढिगामागं बघितलेला तोच एक होता. तो सापडला असता तर बोलला असता. म्हणून हात मोडणारालाच मी जाऊ दिलं. कागदावर पहार दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेली. खाली मी सही केली, आणि वहिनीचा अंगठा मीच धरून शाईत बुडवला.

पुढं त्यातले दोघं सापडले. पाचव्याला कोणी शोधलं नाही. जो लिहिलाच नाही त्याला शोधणार कोण? सखाराम अकरा वर्षं जगला. घास वहिनी भरवायची. धोतरही तीच नेसवायची.

एवढंच असतं तर मी कधीतरी बोललो असतो, दारूत म्हण, तापात म्हण. भ्यालो, खोटं बोललो — माणूस भितो. जे तोंडातून निघत नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळचं आहे.

वहिनी उजाडताच एकटी निघाली होती. जामखेडला चालत, तिथून एसटीनं नगरला. मला कळलं तशी सायकल काढली. कोरड्या ओढ्यात तिला गाठलं.

‘कुठं?’

‘मोठ्या सायबाकडं. तुमाला दिसलं न्हाई, मला दिसलंय. वाट सोडा भाऊजी.’

मी सायकल आडवी टाकली. विचारलं, ‘किती व्हते?’

‘पाच.’

मी तिच्या तोंडात मारली. परत विचारलं. ती पाचच म्हणाली. मग मी पायातली वहाण काढली आणि फाटक्या कानावर मारत राहिलो, फडकं सुटेपर्यंत. ती वाळूत खाली बसली. ओरडली नाही. रक्त गळ्यावरून चोळीत उतरत होतं. मी वाकून तिसऱ्यांदा विचारलं.

‘चार,’ ती म्हणाली.

मी ते तिच्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतलं, आणि सायकलवर मागं बसवून तिला घरी आणून सोडलं.