काकू, ताट वर धरा

"काकू, एक मिनिट," असं म्हणून तो दारातच थांबायचा, मान जराशी वर करायचा आणि नाकाने हवा ओढून घ्यायचा. मगच आत यायचा. दूध करपलेलं असो, इस्त्री जास्त तापलेली असो, त्याला उंबऱ्यावरच कळायचं.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही आजीला विचारलंत, मामाच्या शेजारचा गाडीवाला काका कुठे गेला? फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात, आणि तुमच्याबरोबर मीही हसले असते. म्हणून लिहिते आहे.

तो मूळचा नागपूरचा. इथे आयर्लंडमध्ये, कासलबारला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. इथली घरं जोडीजोडीने बांधलेली असतात. त्याच्या आणि आपल्या घराला मधली भिंत एकच. त्याची बायको प्रणिता आणि मुलगी रेवा. रेवा तेव्हा धरून धरून उभी राहायला लागली होती.

माणूस भित्रा होता, हे आधीच सांगते. इथल्या लोकांचं प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, "ग्रँड", म्हणजे सगळं छान, काळजी नको. छप्पर गळतंय, ग्रँड. रस्त्यावर बर्फ साचलाय, ग्रँड. तो मला म्हणायचा, "हे लोक ग्रँड म्हणतात न काकू, तेव्हाच मला भीती वाटते." घर बंद करून निघाला की कोपऱ्यावरून परत यायचा आणि दार ढकलून बघायचा. प्रणिता गाडीत बसून हसायची. "याला नाक कुत्र्याचं दिलं काकू देवाने. काळीज मात्र सशाचं दिलं."

आणि अशा माणसाकडे जुनी मोटरसायकल होती. एका म्हाताऱ्या आयरिश माणसाकडून हौसेने घेतलेली. उन्हाळ्यात तो ती इतकी हळू चालवायचा, की सायकलवाले त्याला हात करून पुढे जात. हिवाळाभर ती घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये जुन्या चादरीखाली झोपलेली असे. घर गरम करणारा तेलाचा बॉयलरही तिथेच होता. त्यामुळे गॅरेजला रॉकेलचा वास कायमचाच, आणि कायमच्या वासाकडे कोण लक्ष देतं.

गुढीपाडव्याला गाडी बाहेर काढायची, पूजा करायची आणि मुहूर्तावर सुरू करायची, असं त्याने ठरवलं होतं. पूजेचं ताट माझ्याकडे. त्या दिवशी आडवा पाऊस होता आणि असा वारा, की उघड्यावर निरांजन टिकलं नसतं. म्हणून गॅरेजचं शटर खाली ओढून घेतलं. प्रणिताने चाकापुढे छोटीशी रांगोळी काढली आणि ती रेवाला आणायला आत गेली. मी उदबत्त्या लावल्या, निरांजन लावलं आणि ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून गॅरेजमध्ये उतरले.

गाडीखाली जमीन ओली होती. रांगोळीची एक बाजू विरघळून रंग पसरला होता. पाऊस शटरखालून आत आला असेल, असं मला वाटलं. मी ओवाळलं, आणि आपण नेहमी करतो तसं ताट चाकापाशी ठेवायला वाकणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काकू, एक मिनिट."

"आता काय रे? दूध नाही तापत इथे."

"वाकू नका."

मी मान वळवली. तो दारात उभा होता. मान वर होती, पण चेहरा नेहमीचा नव्हता. आवाज रेवाला झोपवताना काढतात तसा, हळू.

"ताट वर धरा काकू. अजून वर. खाली पेट्रोल आहे. त्याची वाफ जमिनीलगत असते."

मग मला तो वास आला. उदबत्तीच्या आणि रॉकेलच्या खाली दडलेला, गोडसर. ताटातली ज्योत थरथरायला लागली.

"फुंकू का?"

"काही करू नका. फक्त मागे या. पाय उचलून टाका."

आयुष्यात मी बरंच चालले आहे, पण गाडीपासून त्या दारापर्यंतचं चालणं अजून संपलेलं नाही. उदबत्तीची राख वाकली होती. ती पडते की काय, याच्याकडेच माझे डोळे. मागून प्रणिताचा आवाज आला, "अरे, मुहूर्त टळेल," आणि तिच्या कडेवर रेवा, ज्योतीकडे हात पसरून. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तिला घेऊन रस्त्यावर जा. आत्ता." तिने कधी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. ती गेली.

मी मागच्या दाराने अंगणात पोचले आणि पावसाने निरांजन विझवलं. तो मात्र आत धावला होता. बॉयलर ठरल्या वेळी आपोआप पेटायचा आणि ती वेळ झालीच होती. गॅरेजमधल्या बटणाला हात लावायची सोय नव्हती, ठिणगी उडाली असती. त्याने हॉलमधून सगळ्या घराची वीज बंद केली आणि बाहेरून शटर वर ढकललं. मग पैठणी नेसलेली प्रणिता, तिच्या खांद्यावर माझा रेनकोट, रेवा आणि मी, सगळ्या फुटपाथवर भिजत उभ्या राहिलो. समोरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, सगळं ग्रँड ना? 

वास गेल्यावर त्याने गाडी ढकलत बाहेर काढली, फडक्याने कोरडी केली आणि पाऊस थांबल्यावर खाली वर्तमानपत्र पसरलं. पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीची तोटी, बंद ठेवला, कागद कोरडा राहिला. कॉक उघडला. टाकीखाली काही नाही, नळीच्या जोडावर काही नाही. मग इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरच्या खालच्या बारीक नळीतून एक थेंब पडला, आणि कागदावर डाग पसरायला लागला.

त्याने मला समजावून सांगितलं. संडासाच्या फ्लशच्या टाकीत जसा तरंगता गोळा पाणी थांबवतो, तसाच एक फ्लोट आत असतो. हिवाळाभर राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा धरून तो अडकला होता, म्हणून पेट्रोल थांबत नव्हतं.

"पण कॉक उघडला कुणी?" मी विचारलं.

"मीच. सकाळी आंघोळीआधी." तो कागदाकडे बघत होता. "मुहूर्ताला पहिल्या किकला सुरू व्हायला हवी न काकू. नाहीतर अपशकुन."

त्याने कार्ब्युरेटर खोलून साफ केला, पेट्रोल अडवणारी आतली सुई नवी घातली. गळती थांबली. पण रोज संध्याकाळी तो गाडीखाली नवा कागद पसरायचा आणि सकाळी तो घेऊन माझ्या दारात यायचा.

"काकू, तुम्ही वास घेऊन बघा नं."

"तुझं नाक असताना माझं कशाला?"

"त्या दिवशी सकाळी मी तिथेच उभा होतो काकू. चादर काढली, कॉक उघडला आणि आंघोळीला गेलो. माझ्या नाकावर आता माझा भरवसा नाही."

मी वास घ्यायची. नाही रे, काही नाही, म्हणायची. त्याला ते तेवढ्यापुरतं पुरायचं. प्रणिता आता हसत नसे. पुढे त्याने गाडी विकली, आणि दुसऱ्या शहरात, लिमरिकला नोकरी धरली. तिथे फ्लॅट घेतला, सगळं विजेवर चालतं असा. जाताना माझ्या पाया पडला आणि दारात थांबून मान वर केली. "येतो काकू," म्हणाला.

किल्ली माझ्याकडे होती, नवीन भाडेकरूंना द्यायला. त्याआधी एकदा घर बघून यावं म्हणून गेले. खोल्या रिकाम्या, स्वच्छ पुसलेल्या. गॅरेजमधून गाडी जाऊन महिने झाले होते, तरी जिथे ती उभी असायची तिथे वर्तमानपत्र पसरलेलं होतं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून. कोरडं होतं.

ते उचलायला मी वाकू लागले. हातात काही नव्हतं, तरी दोन्ही हात आपोआप वर गेले.